तिसरं वाक्य

आमच्या क्लासचे किस्से म्हणजे खालच्या गिरणीचं पीठ. कितीही झटका, दुसऱ्या दिवशी बाकावर पुन्हा थर! लग्नात, बारशात, कुठंही चार माणसं जमली की मला सांगतात, "सुमन, तुझ्या क्लासचा एक होऊन जाऊ दे." मी सांगते, लोक हसतात. एक किस्सा मात्र मी आजवर कुणाला सांगितला नाही, आणि नेमका तोच माझा आहे. आज सांगते. पण आधी बाकीचे ऐका, म्हणजे मला जरा धीर येईल.

तर भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवर, पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली होती. नव्वदच्या आसपासची गोष्ट. प्रधान सर मुंबईहून रिटायर होऊन इकडे राहायला आलेले, ते तिथं स्पोकन इंग्लिश शिकवायचे. दर शनिवारी दुपारी फळ्यावर एकच इंग्लिश शब्द लिहायचे. साधाच शब्द, पण पाच-सहा अर्थांचा. प्रत्येकानं उभं राहून त्याची तीन वाक्यं करायची, तीन वेगळ्या अर्थांची. वर एक अट. वाक्य खरं पाहिजे, स्वतःच्या घरातलं.

"ग्रामर चुकलं तर मी सुधारीन," सर म्हणायचे. "खोटं कसं सुधारू?"

अशी अट दुसऱ्या कुठल्या क्लासात मी ऐकली नाही. सगळी गंमत तिच्यामुळेच झाली, आणि माझी शोभाही.

* * *

पहिला शब्द होता 'रन'. पुढच्या बाकावर जिग्नेशभाई बसायचे, त्यांचं शेजारच्या गल्लीत किराणा दुकान. उठले आणि म्हणाले, "माय शॉप रन्स. माय नोज रन्स." तिसरं काही सुचेना. डोकं खाजवलं, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "माय साला डझ नॉट रन."

सर म्हणाले, अर्थ सांगा.

"सर, सहा महिन्यापासून गल्ल्यावर बसलाय. उठतच नाय."

सरांनी पूर्ण मार्क दिले. पुढच्या शनिवारी दारात एक जाडजूड तरुण उभा, नाव नोंदवायला आलेला. तो साला! म्हणाला, आमचे जिजाजी इंग्लिशमध्ये माझ्याबद्दल काय बोलतात ते मला कळायला पाहिजे.

* * *

नंतर 'टेक' आला. कुलकर्णी काकू परळहून आलेल्या, नव्या बिल्डिंगीत राहायच्या. अगदी नीटनेटकं बोलणं. "आय टेक टी. आय टेक बस. आय टेक माय मदर-इन-लॉ."

सरांनी विचारलं, सासूबाईंना कुठे घेऊन जाता?

"कुठे जात नाहीत हो त्या, तेच तर!" काकू म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

* * *

आता जरा माझ्याकडे वळते. आमचं गाव केबिन रोडपासून चालत वीस मिनिटांवर. पूर्वी भातशेती आणि मिठागरं होती, मग बिल्डिंगी आल्या. मी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. मीरा रोडच्या एका ऑफिसात रिसेप्शनिस्टची जागा होती. साहेब म्हणाले, इंग्लिशचं सर्टिफिकेट आण आणि कामाला लाग. म्हणून मी हा क्लास लावला. क्लासात मी हाय-न्हाय सोडून आहे-नाही बोलायचे. मी गावातली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण माझ्या बोलण्यावरून कुणी ओळखलं नसतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

घरी दादा एकदा म्हणाला होता, मना पन थोडं शिकव गं. दादा म्हणजे माझे वडील, आम्ही सगळी भावंडं त्याला दादाच म्हणायचो. मी म्हटलं, तुला नाही रे जमणार.

महिन्याभरानं, एका शनिवारी, क्लासच्या दारात तोच उभा. टोपी, पायजमा, काखेत छत्री आणि हातात नवी वही. म्हणाला, "सर, मना पन शिकाचा हाय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान गरम झाले. सरांनी वहीत नाव लिहिलं, काशिनाथ पाटील. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ही सुमनसुद्धा पाटीलच. नात्यातले का तुम्ही?

दादाचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. तो तोंड उघडणार, तेवढ्यात मीच बोलले.

"नाही हो सर. आमच्याकडे दगड मारला तर पाटलालाच लागतो."

सगळा क्लास हसला. त्या खोलीत मी केलेला सगळ्यात भारी जोक तो हाच. दादाही हसला. मग जाऊन शेवटच्या बाकावर बसला.

घरी तो यातलं एक अक्षर बोलला नाही, आईलाही नाही. पुढच्या शनिवारी आम्ही एकाच वेळी घरातून निघालो आणि तो आपण होऊन चाळीस पावलं मागं राहिला. मी सांगितलं नव्हतं. मी जिना चढून जाईपर्यंत तो गिरणीच्या कोपऱ्यावर तंबाखू मळत थांबायचा. वर आला की मला म्हणायचा, "मॅडम, ही वही तुमची हाय का?" आणि घरी ज्याला मी अरे दादा म्हणायचे, त्याला तिथं अहो पाटील काका म्हणायचे. पहिल्यांदा जीभ अडखळली. पुढं सवय झाली. सवय झाली याचीच मला आज जास्त लाज वाटते.

* * *

'फील्ड' शब्दाच्या दिवशी कुलकर्णी काकूंनी सांगितलं, माय हजबंड इज इन बँकिंग फील्ड. दादाचा नंबर आला. तो म्हणाला, "माय फील्ड इज बिल्डिंग."

लोकांना वाटलं चुकलं. हसले. मीही हसले, जरा मोठ्यानंच. दादानं खिडकीतून बोट दाखवलं. ती पिवळी बिल्डिंग दिसते ना, ते माझं शेत व्हतं.

काकूंचं हसू गेलं. त्या त्याच पिवळ्या बिल्डिंगीत राहायच्या, दुसऱ्या माळ्यावर. दादा त्यांना अगदी आपुलकीनं म्हणाला, "तुमच्या जिन्याखाली आमची हीर व्हती. पानी लय गोड."

काकूंनी विचारलं, मग या वयात इंग्लिश कशाला शिकताय? तर म्हणाला, ज्या कागदावर मी सही केली तो इंग्लिशमध्ये व्हता. काय लिवलंय ते एकदा वाचाचा हाय.

तो कागद आमच्या घरातच होता. मला वाचता येत होता. त्यानं मला कधी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी म्हटलं नव्हतं की आण, वाचून दाखवते.

पुढच्या शनिवारी काकूंनी त्याला डब्यातून चकल्या आणल्या. त्यानं त्यातली एक माझ्या बाकावर आणून ठेवली. "मॅडम, घ्या." मी थँक्यू म्हटलं.

* * *

'टर्न'च्या दिवशी जिग्नेशभाईंनी सरांनाच पकडलं. माय रिक्षा टर्न्स लेफ्ट, माय मिल्क टर्न्स इन समर, असं म्हणून झाल्यावर हात पुढे करून म्हणाले, "नाऊ युवर टर्न, सर."

टाळ्या पडल्या. सरांनी कधीच वाक्य दिलं नव्हतं. ते खडू हातात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "एव्हरी संडे आय कुक फॉर टू. माय सन डझ नॉट टर्न अप."

सरांनी स्वतःच फळ्यावर दहापैकी दहा लिहिले आणि म्हणाले, चला, पुढचा.

मी त्या दिवशी घरी जाताना मनात त्यांच्या मुलाला शिव्या दिल्या. चाळीस पावलं पुढं चालत!

* * *

आता शेवटचा.

शेवटच्या शनिवारी परीक्षा होती. एक शब्द, तीन वाक्यं. तीन खरी वाक्यं झाली तर सर्टिफिकेट. दोन झाली तर नाही. दादानं आदल्या दिवशी घरात देवाच्या फोटोशेजारी दोन खिळे ठोकले होते. एक माझ्या सर्टिफिकेटला, एक त्याच्या.

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'कॉल'.

पाटलांचा नंबर आला. आधी काशिनाथ, मग सुमन. दादा उठला. नवा इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"पीपल कॉल मी काशिनाथ. मॉर्निंग कॉक कॉल्स, आय गेट अप." सर खूश झाले. दादा पुढं म्हणाला, "माय डॉटर..."

आणि थांबला.

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. सर म्हणाले, अरे वा, तुम्हाला मुलगी आहे? कधी बोलला नाहीत. बोला, काय म्हणते ती तुम्हाला?

दादा फळ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. मी बाकावरच्या पिठात बोटानं रेघा ओढत होते. मला फक्त उभं राहायचं होतं. मी राहिले नाही.

सरांनी त्याला हात दिला. सोपं करा, टेलिफोन कॉलचं करा.

"आमच्याकं फोन न्हाय सर."

लोक हसले. सर म्हणाले, पाटील, तिसरं नसेल तर मला सर्टिफिकेट देता येणार नाही हो.

"तिसरं हाय सर," दादा म्हणाला. "पन ते माझ्या एकट्याचं न्हाय."

आणि तो खाली बसला.

मग माझं नाव पुकारलं. मी उठले, घडाघडा तीन वाक्यं म्हटली. तिसरं होतं, "आय गेट मेनी फोन कॉल्स ॲट होम." सर म्हणाले, एक्सलंट. वाक्य खोटं आहे हे क्लासात एकाच माणसाला ठाऊक होतं. त्यानं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

सर्टिफिकेटची गुंडाळी घेऊन मी जिना उतरले. केबिन रोडवर शनिवारची गर्दी होती. मी भाजीवाल्यांच्या पुढं गेले, मागं वळून बघितलं. दादा येत होता, काखेत छत्री, चाळीस पावलं मागं.

मी थांबले.

तोही थांबला.