डावा कान

माजलगावच्या धान्याच्या मोंढ्यामागे त्याचं रेडिओ-स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. कुणी भारी हेडफोन आणला की तो स्वतः जोडलेल्या तिन्ही अॅम्प्लिफायरांवर लावून बघायचा. “हेडफोन कितीबी भारी असू द्या, अॅम्प्लिफायरशी जोडी जमली पायजे,” म्हणायचा. ऐकताना चपला काढून डोळे मिटायचा. स्वतःचं मत मात्र आधी कधीच द्यायचा नाही.

मी शाळेत गाणं शिकवायचो. मेव्हण्याने दुबईहून आणलेला हेडफोन घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्याने लावलेल्या गाण्यात दोन्ही बाजूंना तानपुरे होते, पण तिन्ही अॅम्प्लिफायरांवर मला डावीकडचा दबलेलाच ऐकू आला. घरीही तो हेडफोन लावला की महिनाभर तसंच होत होतं.

“आदी तुमी सांगा सर, कसं वाटतंय?”

“माझा डावा कान जातोय बहुतेक,” मी कसाबसा म्हणालो.

तो हसला नाही. त्याने हेडफोन काढून माझ्या डोक्यावर उलटा चढवला. आता डाव्या कानात तानपुरा स्वच्छ वाजत होता आणि उजवीकडचा दबला होता.

“कान लई चांगला हाय तुमचा. हेडफोनच बिघडलाय.”

माझे डोळे भरून आलेले त्याला दिसले असावेत. मी रुमाल खिशात ठेवीपर्यंत तो पाठ फिरवून उगाचच स्क्रू शोधत राहिला.