व्यायामाच्या रेकॉर्डवरचं लेबल

आमच्या इमारतीतल्या पोरांना वाटतं, ऑर्व्हिलला ‘कॉपी’ म्हणतात ते तो किल्ल्यांच्या कॉप्या करून देतो म्हणून. तळघरात त्याची खोली आहे. भिंतीवर शेकड्यांनी किल्ल्या टांगलेल्या, आणि दिवसभर कोणी ना कोणी दार वाजवतंच असतं. “कॉपी, आमचा नळ गळतोय.” “कॉपी, लिफ्ट परत अडकली बघ!” तो “आलो” म्हणतो आणि हत्यारांची पेटी उचलून निघतो. अठ्ठावन्न वर्षांचा आहे. ब्रॉन्क्सच्या याच गल्लीत जन्मला, याच गल्लीतल्या चार इमारतींची देखभाल करतो. लग्न केलं नाही. कोणाच्या अध्यात ना मध्यात.

ते नाव किल्ल्यांमुळे पडलेलं नाही. माझ्यामुळे पडलंय. मी त्याची सख्खी धाकटी बहीण, रोझलिन.

त्र्याऐंशी साली तो अठराचा होता आणि मी सोळाची. तेव्हा आमच्याकडे ज्याच्याजवळ दोन तबकड्या फिरवायची यंत्रं, तो राजा. ऑर्व्हिलने शाळेच्या भंगारातून दोन जमवून स्वतः दुरुस्त केली होती. रेकॉर्डमध्ये गाणारे गप्प होतात आणि नुसता ढोल वाजतो, तेवढाच तुकडा तो घ्यायचा. एका तबकडीवरचा संपेपर्यंत त्याच रेकॉर्डची दुसरी प्रत मागे फिरवून तयार. पोरं त्यावर नाचायची, रॅप करायची. त्या काळी सगळ्यांचा जीव त्या तुकड्यात असायचा. जो पहिल्यांदा वाजवील त्याचा तो. दुसऱ्याने वाजवला की तो चोर, मग त्याला गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. म्हणूनच सगळे जण रेकॉर्डवरचं लेबल कोमट पाण्यात भिजवून सोलून टाकायचे. काळी चकती फिरताना दिसली तरी नाव कोणाला कळायला नको.

ऑर्व्हिलला सापडलेली रेकॉर्ड म्हणजे निव्वळ गंमत होती. चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत मिळाली. बायकांनी घरच्या घरी व्यायाम करावा म्हणून काढलेली! एक बाई गोड आवाजात “आता कंबर उजवीकडे” म्हणते, आणि मग अकरा सेकंद असा काही ढोल वाजतो की बसलेला माणूस उठावा. दुसरी प्रत शोधायला तो सात आठवडे वणवण फिरला. दोन्हींची लेबलं आमच्या न्हाणीतल्या टबात मीच भिजवली. माझी नखं बारीक, म्हणून काम माझ्याकडे.

“रोझ, कागद संडासात टाक आणि पाणी सोड,” तो म्हणाला. “आईलासुद्धा कळता कामा नये. तू आणि मी, बस्स.”

एक टाकला. दुसरा नाही टाकला. जांभळा रंग, मधे सोनेरी मोर, खाली रेकॉर्डचं नाव, आणि आख्खाच्या आख्खा सुटून आला होता. टॉवेलमध्ये वाळवून मी तो माझ्या बायबलमध्ये ठेवला. ऑर्व्हिलने पहिल्यांदाच मला कशात तरी घेतलं होतं, त्याची आठवण म्हणून.

त्याच सुमारास एक सिनेमा कंपनी आमच्या भागात आली. तरुण पोरापोरींचा, गाण्यांचा, हिप-हॉपचा सिनेमा. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी बघावा असा, त्यात शिवी नाही की मारामारी नाही. शेवटच्या मोठ्या नाचाला खऱ्या गल्लीतला एक डीजे त्यांना हवा होता. शाळेच्या व्यायामशाळेत निवड ठेवली. ऑर्व्हिल रात्रंदिवस एकच बोलायचा. “रोझ, हे झालं ना, की आईला लोकांची धुणी धुवावी लागणार नाहीत.”

आणि मी काय करत होते? क्लेटनच्या मागे लागले होते. क्लेटन पलीकडच्या गल्लीतला डीजे, ऑर्व्हिलचा कट्टर प्रतिस्पर्धी. उंच, पिवळं जॅकेट, हसला की गालाला खळी. दोघं जिन्यात बसायचो. एकदा म्हणाला, “तुझा भाऊ तुला अजून लहान पोरगीच समजतो. तुला कशाला सांगेल तो रेकॉर्डचं नाव?”

“सांगितलंय म्हणून काय विचारतोस! लेबल मीच काढलंय!”

“हॅट्! उगाच फुशारक्या.”

जळली मेली माझी अक्कल. धावत वर गेले, बायबल घेऊन आले, आणि त्याला तो मोर दाखवला. त्याने दोन क्षण पाहिलं, लेबल परत बायबलमध्ये ठेवलं आणि माझ्या खांद्यावर ते पिवळं जॅकेट घातलं. निवडीला तेव्हा अकरा दिवस उरले होते. त्याला दोन प्रती शोधायला तेवढे पुरले.

निवडीच्या दिवशी क्लेटनचा नंबर आधी लागला. पहिल्याच ठोक्याला मी ओळखलं, हा आमचाच ढोल. व्यायामशाळा नुसती उसळत होती. त्याच्यामागून ऑर्व्हिलला बोलावलं. त्याच्याकडे दुसरं काही तयार नव्हतं, म्हणून त्याने तेच लावलं. तीन सेकंदांत आरोळी उठली, “चोर! कॉपी! कॉपी!” कोणीतरी कागदाचा पेला फेकून मारला. ऑर्व्हिलने सुई उचलली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर ते जॅकेट होतं.

दोन्ही रेकॉर्ड बगलेत मारून तो बाहेर निघून गेला.

आमची आई, ओडेसा, चर्चमध्ये पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवायची. मुलगा चोर ठरला हे तिला सोसवेना. पुढच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर तशीच, हातमोज्यांसकट, ती आम्हा दोघांना घेऊन क्लेटनच्या घरी गेली. “माफी माग,” ती म्हणाली. ज्याने लुटलं त्याच्याचसमोर मान खाली घालून माझा भाऊ म्हणाला, “माझी चूक झाली.” क्लेटनने त्याच्या पाठीवर थाप मारली. “जाऊ दे रे, होतं असं.” आणि आईच्या खांद्यावरून त्याने मला डोळा मारला. खोटं कशाला बोलू, तेव्हाही तो मला देखणाच दिसला. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

सिनेमा निघाला. शेवटच्या नाचात क्लेटनमागे पिवळ्या जॅकेटात नाचते ती मी. पाच आठवड्यांनी त्याने मला सोडलं. ऑर्व्हिलने यंत्रं कोणालातरी देऊन टाकली. आई दर वर्षी त्या रविवारी सगळ्या चर्चसमोर ‘माझ्या मुलाच्या हातून घडलेल्या चोरीबद्दल’ क्षमा मागायची, आणि तिच्या शेजारी बसून मी ‘आमेन’ म्हणायचे. मरेपर्यंत तिने मागितली, तोपर्यंत मी म्हटलं. ती गेल्यावर तरी बोलायचं की नाही? नाही बोलले. दर वर्षी वाटायचं, आता काय उपयोग. भित्रेपणाला माणूस काय काय नावं देतो.

या वर्षी सिनेमाला चाळीस वर्षं झाली म्हणून शाळेने शनिवारी दुपारी त्याच व्यायामशाळेत तो दाखवला. पडदे ओढले, मक्याच्या लाह्या वाटल्या, नातवंडं घेऊन सगळी म्हातारी मंडळी आली. प्रोजेक्टर बिघडला म्हणून ऑर्व्हिलला बोलावलं होतं. त्याने तो दुरुस्त केला आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिला. सिनेमातल्या त्या पोरापोरीचं प्रेम जमलं, नाच सुरू झाला, तो ढोल वाजला. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. ऑर्व्हिलने धरला नाही.

दिवे लागल्यावर मिस लॉर्ना, आमच्या शेजारीणबाई, ओरडल्या, “अगं रोझलिन, पडद्यावर होतीस की! ये, दोन शब्द बोल!”

बायबल माझ्या पिशवीत होतं. सकाळीच घातलं होतं, पण धीर होईल असं वाटलं नव्हतं. पुढे गेले. “हा ढोल माझ्या भावाचा आहे,” म्हणाले. “क्लेटनने चोरला. आणि चोरायला दिला तो मी. ऑर्व्हिलने कोणाची कॉपी केली नाही.” मी लेबल वर धरलं. मागच्या रांगांतून मोर कोणाला दिसला असेल देव जाणे.

 मग मिस लॉर्ना हळूच म्हणाल्या, “ओडेसाने हे ऐकायला हवं होतं गं.” मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बाहेर जिन्यापाशी ऑर्व्हिल भेटला. मी लेबल पुढे केलं. त्याने ते उजेडात धरून पाहिलं. “पाणी सोड म्हटलं होतं ना तुला?”

“तुला माहीत होतं सगळं?”

“नाव दोघांनाच ठाऊक होतं, रोझ. मी तर सांगितलं नव्हतं.”

“मग बोलला का नाहीस रे? माफी कशाला मागितलीस?”

“तू जिन्यात पोराबरोबर बसतेस हे आईला कळलं असतं, तर तिने तुला दक्षिणेला आत्याकडे धाडलं असतं. मला वाटलं, चार दिवसांत तूच सांगशील.” त्याने लेबल उलटं करून पाहिलं. “मग म्हटलं, महिन्याभरात सांगशील.”

मला रडू आवरेना. तेवढ्यात आमच्या इमारतीतली, तिसऱ्या मजल्यावरची छोटी पोर धावत आली. “कॉपी! ए कॉपी! आमची किल्ली आतच राहिली!”

“आलो,” ऑर्व्हिल म्हणाला.

मी त्या पोरीवर खेकसले, “त्याचं नाव ऑर्व्हिल आहे! मिस्टर ऑर्व्हिल म्हणायचं!” ती बिचारी घाबरून त्याच्या मागे लपली.

“तिला कशाला ओरडतेस?” तो म्हणाला. “ऑर्व्हिल म्हणून हाक मारली तर मला कळणारसुद्धा नाही, मलाच बोलावतायत म्हणून.”

त्याने लेबल माझ्या हातात परत दिलं आणि पेटी उचलून तो त्या पोरीबरोबर गेला.