मागच्या सीटवरची बाई

पुढं वाजतंय की मागं, एवढं कळायला काय शाळा शिकावी लागते? पण त्या दिवशी आमच्या घरच्या पुरुषांना ते कळेना, आणि मला कळलं तर सांगायची सोय नव्हती.

मी तेव्हा सास्तूरजवळच्या एका गावात नांदत होते. निजामाचं राज्य गेल्यावर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका जागीरदाराची जुनी मोटार विकत घेतली. ती त्याच्या जनान्याची गाडी. खिडक्यांना पडदे, पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधीही एक जाड पडदा. जागीरदाराची धाकटी बेगम म्हणे याच गाडीत दवाखान्याच्या वाटेवर वारली, काचेवर टकटक करीत. गावातल्या बाया गाडीच्या सावलीतून पोरं नेत नसत. मामंजी वरून हसायचे, पण दर अमावास्येला चाकाखाली लिंबू ठेवायचे.

वैशाखात माझ्या पोरीला घटसर्प झाला. वर्षाचीसुद्धा नव्हती ती. गळा सुजला, श्वास घेताना शीळ वाजल्यागत आवाज यायला लागला. वैद्य म्हणाले, आजच्या आज सोलापूर गाठा, न्हाई तर लेकरू हाती लागायचं न्हाई. तशी लगेच मोटार काढली. मामंजी चालवायला, माझे मालक त्यांच्या शेजारी. मागं पडद्याआड मी, मांडीवर पोर, आणि सोबतीला चुलत सासूबाई. त्या ठार बहिऱ्या. निघाल्या निघाल्या चाक पंक्चर झालं. दोघांनी घाईघाईत दुसरं चाक चढवलं आणि गाडी पिटाळली.

नळदुर्ग सोडलं आणि आवाज सुरू झाला. टक. टक टक.

मामंजींनी गाडी थांबवली. इंजिनावरचं टोपण उघडून दोघंही इंजिनात डोकं घालून बसले. मालक म्हणाले, "पंख्याचा पट्टा असंल." मामंजी म्हणाले, "न्हाई, आत काहीतरी फुटलंय." भर दुपार, माळावर चिटपाखरू न्हाई, झाडाचं पान हलत न्हाई. त्या शांततेत मला पोरीचा श्वास तेवढा ऐकू यायचा. प्रत्येक श्वास मागच्याहून आखूड. आग लागो त्या इंजिनाला, असं वाटत होतं मला. गाडी निघाली की परत टकटक, की परत गाडी थांबायची, की परत टोपण.

आवाज माझ्या पायाखालून येत होता. पण सांगू कशी? आमच्यात सून सासऱ्यापुढं बोलत नसे. त्यांच्या देखत नवऱ्याशीही न्हाई. काही हवं असलं तर दाराची कडी वाजवायची, बाहेरच्यांनी समजून घ्यायचं. लग्न झाल्यापासून मामंजींनी माझा आवाज ऐकलेला नव्हता. मी चुलत सासूबाईंना खुणा केल्या, तर त्यांनी पोरीच्या कपाळाला अंगारा लावला. शेवटी चालत्या गाडीत, कडी वाजवावी तशी मी बांगड्या दाराच्या पत्र्यावर आपटल्या.

पुढून मालक वडलांना म्हणाले, "दादा, हा तर दुसराच आवाज."

"बोलू नकोस," मामंजी म्हणाले. "तीच हाय."

मी पुन्हा आपटल्या. आणि पायाखालून उत्तर आलं. टक टक. मी थांबले, तरी ते थांबेना. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, सीटखाली खरंच कुणीतरी बाई आहे आणि तिला माझी पोरगी हवी आहे. मी पोरीला छातीशी आवळलं.

अणदूर मागं पडलं आणि उतार लागला. पेट्रोल वाचावं म्हणून मामंजी उताराला इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायचे. तशी सवयीनं सोडली. इंजिन गप्प झालं. टकटक चालूच. उलट गाडीनं वेग घेतला तशी तीही वाढली. पुढं मामंजी मोठमोठ्यानं देवीआईचं नाव घ्यायला लागले.

आणि मला लख्ख कळलं. इंजिन बंद, तरी वाजतंय, चाकासंगं वाजतंय. माहेरी बैलगाडीत मी जन्म काढला होता. चाकाची खीळ सैल झाली की गाडी असंच बोलते. आता पोरगी श्वासावाचून जाती, न्हाई तर आम्ही सगळेच खड्ड्यात जातो.

"गाडी थांबवा!" मी ओरडले. "मागचं चाक निसटायलंय!"

करकचून ब्रेक लागला. पडद्यापलीकडून मामंजींचा आवाज आला. "बाई, तुला काय पायजे ते देतो. लेकराला तेवढं सोड."

"मामंजी, मी तुमची सून हाय."

ते हळूच म्हणाले, "माझी सून बोलत न्हाई."

मालक खाली उतरले. सकाळी चढवलेल्या चाकाचे नट हातानं फिरत होते. त्यांनी पान्यानं ते आवळले, पडदा सारून क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि पुढं जाऊन बसले. सोलापूरला डॉक्टरांनी पोरीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली. पोरगी वाचली.

घरी आल्यावर मामंजींनी हिरवं लुगडं आणि खण आणून मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवला, हात जोडले. मालकांनी त्यांना खरं सांगितलं का, मला ठाऊक न्हाई. मला कुणी काही विचारलं न्हाई, की शाबास म्हणालं न्हाई. असा संताप आला होता! लुगडं मी उचललं आणि सकाळी नेसून, पोरीला कडेवर घेऊन, घराच्या पुढच्या सोप्यात त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मामंजी, चहा घेता का?" मी विचारलं.

त्यांनी लुगड्याकडं बघितलं आणि बसल्या जागी मागं सरकले. त्या दिवसापासून मी घरात मोठ्यानं बोलायला लागले, आणि मला गप्प बस म्हणायची कुणाची छाती झाली न्हाई.