माझी एकुलती एक अन्य भाषा

ये गं मंजू, जवळ सरक. अशी नाही, अजून जवळ. सहा महिन्यांत मावशीला एक फोन नाही, आणि तिकडे नागपुरात बसून सांगत फिरतेस की रायपूरच्या मावशीच्या अंगात आलं होतं! काहून गं? अंगात काही आलं नव्हतं. मी आयुष्यात एकदाच अन्य भाषेत प्रार्थना केली आणि ती बनावट निघाली. एवढंच झालं. आता नीट ऐकून घे, म्हणजे पुढच्या वेळी सांगशील तेव्हा बरोबर तरी सांगशील.

रायपूर नवंनवं राजधानी झालं होतं. रोज एका ऑफिसची पाटी लागायची आणि तिच्यावर रोज धूळ बसायची. आपला सुनील त्यातल्याच एका ऑफिसात लागला, आणि पहिला पगार व्हायच्या आधी पोरगी पसंत करून आला. सरिता. बीरगांवची. आपल्यासारखी ख्रिस्तीच, पण त्यांची मंडळी, म्हणजे चर्च, वेगळी. आपल्या चर्चमध्ये कोणी खोकललं तरी दोन बाकं वळून बघतात. त्यांच्याकडे ढोलक, टाळ्या, हालेलुया! आणि अन्य भाषा. म्हणजे पवित्र आत्मा उतरला की माणूस कधी न शिकलेल्या भाषेत प्रार्थना करतो, अशी त्यांची श्रद्धा. मग कोणाला तरी देव त्याचा अर्थ देतो, आणि तो सगळ्यांना सांगतो.

सरिताचे वडील दानिएल भैया त्या मंडळीचे वडीलधारे. रायपूरजवळच्या उरला गावातल्या एका रोलिंग मिलमध्ये गेटवर होते, एवढंच मला ठाऊक. त्यांनी निरोप धाडला: "रविवार को घर आएंगे, साथ में प्रार्थना करेंगे, फिर बताएंगे."

म्हणजे परीक्षाच! सुनीलनं हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, "आई, तुम बस धीरे से आमेन बोलना. और कुछ मत करना."

(माझ्या पोटचा पोट्टा. मी मराठीत विचारते, तो हिंदीत घाबरतो.)

पण मी विचार केला, यांच्या घरात आत्म्याची आग, आणि आपण पाण्यात भिजवलेल्या काडेपेटीसारखं बसायचं? त्यांना वाटेल, यांचा विश्वासच थंड. मग पोरगी द्यायला 'हव', म्हणजे हो, कोण म्हणेल? शनिवारी कणिक मळता मळता मी सराव सुरू केला. डोळे मिटले, जीभ सैल सोडली, "शा... रा... बाबाबा..."

तुझे काका पाणी प्यायला आले होते. त्यांच्या हातून पेलाच सुटला.

"काय होऊन राहिलं तुले? तोंड वाकडं झालं का? हात वर कर! दोन्ही!"

मी घाबरून कणकेचे हात वर केले. एक गोळा सुटून त्यांच्या चष्म्यावर बसला. ते तसेच आंधळे धावत शेजारच्या गेडामभाऊंकडे गेले. दोन मिनिटांत गेडामभाऊ स्कूटर घेऊन दारात, हॉर्नवर हॉर्न. "लकव्याचा पेशंट कुठं आहे?"

"चहा टाकते," पेशंट म्हणाला.

रविवारी दानिएल भैया बरोबर चार वाजता आले. तीन एकोणसाठला फाटकाशी थांबून त्यांनी घड्याळ पाहिलं आणि चारला आत पाऊल टाकलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बरोबर त्यांची बायको रूथ दीदी आणि सरिता. आलूबोंडे झाले, चहा झाला, आणि प्रार्थना सुरू झाली. तुझ्या काकांनी आपल्या पुस्तकातली वाचली, सावकाश, स्वल्पविरामासकट. मग गाणं झालं, टाळ्या झाल्या. आणि मग रूथ दीदी हळूच बोलू लागल्या. शब्द एकही कळत नव्हता. आवाज नाही, आव नाही. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी. मंजू, खरं सांगते, अंगावर काटा आला. त्यांनी काय मागितलं माहीत नाही, पण कोणापाशी मागताहेत ते समोर दिसत होतं.

त्या थांबल्या. दानिएल भैयांनी दोनच वाक्यांत अर्थ सांगितला: या घराला शांती मिळो, मुलांना एकमेकांची सोबत मिळो. मग म्हणाले, "और कोई?"

सगळे माझ्याकडेच बघताहेत असं मला वाटलं. (सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, हे नंतर लक्षात आलं.) मी तोंड उघडलं. शनिवारचं शारा-बाबा पार पळून गेलं होतं! आणि आत कुठून तरी लहानपणचं वर आलं. आमचे बाबा रेल्वेत, दर उन्हाळ्यात पॅसेंजरनं नागपूर ते रायपूर, आणि आम्ही पोट्ट्या पैज लावून एका दमात स्टेशनं म्हणायचो. तेच सुटलं.

"मुंडीकोटा! तिरोडा काचेवानी, गंगाझरी! आऽऽमगाव धानोली दरेकसा!"

मोठी स्टेशनं मी गिळत होते, एवढं शहाणपण शिल्लक होतं. गोंदिया गिळलं. डोंगरगड गिळलं. पण लहान स्टेशनांना काय जोर असतो गं! "बोरतलाव! पनियाजोब! जटकन्हार! मुसरा! परमालकसा! परमालकसा!!"

तुझे काका आयुष्यभर तिकीट खिडकीवर बसलेले. त्यांना असा ठसका लागला की सुनीलनं पाठीत बुक्क्या घातल्या. मी रसमड्याला येऊन थांबले. दुर्ग म्हणायची हिंमत झाली नाही.

रूथ दीदी अगदी आदरानं म्हणाल्या, "अर्थ किसको मिला?"

अर्थ! याचा मी विचारच केला नव्हता! दानिएल भैयांचे डोळे मिटलेले, खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत. देवा, मी एका भल्या माणसाला रडवलं!

"मिला है," ते बऱ्याच वेळानं म्हणाले. "बहनजी को अलग से बताऊंगा."

स्वयंपाकघरात मी ओट्याला धरून उभी. ते दारात आले, घसा साफ केला.

"बहनजी, सालेकसा छूट गया."

"काय?"

"धानोली के बाद सालेकसा आता है, फिर दरेकसा. मिल में तो अभी लगा हूं. उसके पहले बाईस साल इसी लाइन पे मालगाड़ी का गार्ड था."

मंजू, मी कणकेच्या डब्यात शिरले असते, पण डबा लहान पडला. मी हात जोडले. "भैया, खोटं मी बोलली. पोट्ट्याचा काही दोष नाही. त्याचं लग्न मोडू नका."

त्यांचं हसू थांबलं. "रूथ रोती है तो सच में रोती है, बहनजी. वो खेल नहीं है."

"पाहिलं मी," मी म्हटलं. "म्हणून तर जास्तच लाज वाटून राहिली."

ते दारातून आत आले. मग हळू आवाजात म्हणाले, "मेरे मुंह से आज तक अन्य भाषा का एक शब्द नहीं निकला. मंडली का बुजुर्ग हूं, सब सोचते हैं निकलता होगा. कई बार मन हुआ, बना के बोल दूं. नहीं बोला. सिग्नल अपने हाथ में नहीं होता. गाड़ी खड़ी रखनी पड़ती है."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, या वेळी खरं.

"और सरिता?" मी विचारलं.

"पहले रूथ को सच बताओ. खुद."

मी बाहेर गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, मुंडीकोट्यापासून. सुनीलनं उशीत तोंड लपवलं. रूथ दीदी आधी गंभीर झाल्या, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि अशा हसल्या की सरितानं त्यांच्या हातातली बशी काढून घेतली. तुझे काका तेवढे दुखावले होते. म्हणाले, "सालेकसाचं जाऊ द्या, हिनं गोंदिया सोडलं! गोंदिया सोडून गाडी जाते काय?"

दानिएल भैयांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "हव." गोंदियाला नाही गं, लग्नाला.

आता नात आहे. ती दोन्हीकडची प्रार्थना शिकली. रूथ आजीबरोबर टाळ्या वाजवते, माझ्याबरोबर हळू आमेन म्हणते. दानिएल भैया अजून गाडी उभी ठेवून आहेत, खुशीत. मी मात्र प्रार्थनेला तोंड उघडलं की अख्खं घर पुढचं स्टेशन सांगायला तयार!

तर पुढच्या वेळी लवकर ये गं रायपूरला. बसनं नाही, गाडीनंच ये, खिडकीपाशी बस. आणि सालेकसा आलं की हात हलवून म्हण, "मावशीनं माफी मागितली आहे."