भिंतीवरची कोरी जागा

धुळ्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर चर्चची लांब भिंत आहे. दर नाताळाआधी एक पेंटर आबा तिच्यावर जगाचा इतिहास रंगवतात. आदामापासून सुरुवात, मग नोहा, अब्राहाम, दावीद, येशू. बायबलातली वर्षं ते भिंतीवर वितीनं मोजतात, ठरावीक वर्षांना एक वीत. नोहा चार बोटं सरकला म्हणून एकदा पाळकसाहेबांशीही भांडले होते. येशूनंतर थोडी आपल्यासारखी माणसं, आणि शेवटी कोरी भिंत. ती येशू परत येईल तेव्हासाठी. तिथे चित्र नाही, म्हणून मी माझी सायकल तिथेच टेकवायचो.

"आमच्यात युगं फिरून येतात, आबा," मी एकदा म्हणालो.

"आमनं फिरत नही, भाऊ. एकदाच सुरू व्हयनं, एकदाच सरी."

यंदा गाड्यांसाठी चर्चचं फाटक रुंद केलं आणि त्यात भिंत बरीच आखूड झाली. मी सुचवलं, सगळंच सारख्या मापानं लहान करा, म्हणजे वर्षांचा हिशोब राहील. आबांनी ब्रश उचलला. मग त्यांनी नोहाला आदामाच्या खांद्याला खांदा लावून उभं केलं आणि अब्राहामाला दावीदाला खेटून. एकदाही वीत लावली नाही. कोरी जागा मात्र होती तेवढीच ठेवली.

"आबा, वर्षं चुकली की!"

"मागला बठ्ठा लोक दाटीमा बसतीन. जो येणार शे, त्यानी जागा कशी घेवानी?"

ते शिडी घेऊन गेले. मी रस्ता ओलांडला आणि कोऱ्या जागेला टेकवलेली सायकल दुकानाच्या पायरीशी आणून लावली.