सोनेरी कडेच्या बश्या

आमचे शेजारी कोणाच्याही घरी चहा संपला की कप उलटा करून तळाचा कारखान्याचा छाप वाचत. देवळालीच्या बंगल्यांतून त्यांनी चिनी मातीचा एक जुना इंग्रजी संच मिळवला होता. आम्हांला मात्र चहा स्टीलच्या पेल्यातूनच मिळे. त्यांच्या मुलीला पाहायला सिन्नरची मंडळी आली, तेव्हा तो संच प्रथमच कपाटाबाहेर निघाला. शेजारी म्हणून मलाही बोलावले होते. मुलाच्या वडिलांनी सवयीने चहा बशीत ओतला.

“अहो, बशी ओठांना लावू नका. सोनेरी कड जाते,” शेजारी म्हणाले.

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली. “लय जपता तुम्ही. मग पोरगी बी कपाटातच ठेवा,” म्हणत ते उठले.

मुलगी दारातच उभी होती. तिच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. शेजाऱ्यांनी बशी उजेडात धरली आणि समाधानाने मला म्हणाले, “बघा, टवकाही उडाला नाही.”