शनिवारची ड्युटी

मुलुंडच्या आमच्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर रागावल्या की मालवणीत शिरतात. कौतुक करताना मी त्यांना ऐकलेलं नाही. ड्युटी बरी गेली, तर फक्त "जा आता घरी" म्हणतात.

डिप्लोमावर नोकरी करता करता मला नर्सिंगची डिग्री घ्यायची होती. फी परवडेल असा एक ऑनलाइन कोर्स सापडला. त्याच्या जाहिरातीत मी 'उद्याची आरोग्य-नेत्री' होते. तिथेच शंका यायला हवी होती, पण फी कमी असली की माणूस विशेषणं माफ करतो. कोर्सवाल्याशी फोनवर बोलून मी पैसे भरणार, एवढ्यात सिस्टरनी माझ्या हातातून फोन घेऊन त्याला विचारलं, "प्रॅक्टिकल खंय? कुठल्या हॉस्पिटलात?"

"मॅडम, सगळं व्हिडिओवर. घरबसल्या!"

"मग सलाईन पण घरबसल्या लाव रे बाबा. नर्सिंग कौन्सिल ही डिग्री धरणार काय?"

साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. अजून विचारतोच आहे.

मग सिस्टरनीच एक मुक्त विद्यापीठ सुचवलं. फी जवळपास तेवढीच, अभ्यास घरी, पण शनिवारी खरं प्रॅक्टिकल.

"शनिवारी माझी ड्युटी असते," मी म्हटलं. कोणालाही ड्युटी बदलून न देणाऱ्या या बाईंनी माझा प्रवेश होताच दर शनिवारी माझ्या जागी स्वतःला लावलं.

मी आभार मानायला गेले.

"ता रवांदे गो. सोमवारी येऊन काय शिकलंस ता माका सांग. माका पण व्हयी होती ती डिग्री." त्यांनाही ती हवी होती, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून दर सोमवारी चहाच्या वेळी मी शिकवते आणि त्या चुका काढतात.